बिनसंवादाची भूमिका

मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये माझ्या नाटकावर पहिला आक्षेप आला तो प्रेतावर नव्हता, चहावर होता. स्टेजच्या मधोमध टेबलावर एक मेलेला माणूस अख्खं नाटक झोपून राहणार आहे, हे कमिटीने वाचलं होतं; त्यावर नाकं मुरडायची ती नंतर मुरडलीच. पण अध्यक्षांनी चष्मा कपाळावर ढकलून सगळ्यांत आधी विचारलं ते असं, की घरात प्रेत असताना या लोकांकडे चहा कसा काय उकळतोय?

मी सांगितलं की नाटक आयरिश आहे. तिकडच्या खेड्यात माणूस गेला की त्याला पुरेपर्यंत घरातच ठेवायची पद्धत. शेजारीपाजारी येतात, बसतात, खातात, पितात, गेलेल्याची उणीदुणी काढतात, हसतातसुद्धा. किटली शेगडीवरून खाली उतरतच नाही आणि नाटकातली सगळी गंमत त्या किटलीभोवती आहे. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "ते त्यांच्याकडे. आपल्यात प्रेत उचलेपर्यंत चूल पेटवत नाहीत. लोक तिथेच अडकतील, पुढचं नाटक बघणारच नाहीत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. ओकव्हिलला अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये आम्ही बसलो होतो, समोर वेफर्स आणि चहाच होता, आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून पुरती उतरलेली नाही.

रागाचं खरं कारण मात्र चहा नव्हता. त्या टेबलावर माझे बाबा झोपणार होते.

बाबा नागपूरचे. दिवसा बँकेत आणि संध्याकाळी तालमीत, असं त्यांचं आयुष्य गेलं. हौशी नाटकांत त्यांनी पोलिसापासून राजापर्यंत सगळी कामं केली होती आणि आई त्यांना चिडवायची की घरात मात्र तुम्हाला एकच भूमिका जमते, पेपर वाचणाऱ्याची. आई गेल्यावर मी त्यांना इकडे कॅनडात, ग्वेल्फला घेऊन आले. इथे त्यांचं मन रमलं असं म्हणवत नाही. मॉलमध्ये फेऱ्या मारायचे, खिडकीतून खारी बघायचे, माझ्या मुलीला संवाद म्हणून दाखवायचे आणि ती इंग्रजीत दाद द्यायची. पुढे हृदय थकल्याचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी मऊ शब्दांत सांगितलं की आता फार लांबचे बेत करू नका.  गाडीत बसून पट्टा लावल्यावर बाबांनी विचारलं, "म्हणजे विंटर टायर्स लावेपर्यंत तरी राहीन न मी?" यावर हसायचं की रडायचं हे कळेना, म्हणून मी गाडी सुरू केली.

त्याच सुमारास मी इथल्या युनिव्हर्सिटीत संध्याकाळचा एक कोर्स घेतला होता, आधुनिक आयरिश नाटकांचा. मी एका फूड कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर सुपाचे डबे तपासते. नाटकाचं वेड बाबांकडून आलेलं. शिकवणाऱ्या बाई मूळच्या आयर्लंडच्याच होत्या, साठी उलटलेल्या, कायम सर्दी झालेल्या. त्या म्हणायच्या, वाचताना हसू आलं की तिथेच थांबा आणि आपण कशाला हसलो ते बघा. बघितलं की बहुतेक वेळा तिथे कुणीतरी मेलेलं असायचं, नाहीतर आई मुलीचा जीव खात असायची, नाहीतर गावातलं शेवटचं पोरगं परदेशी निघालेलं असायचं आणि घरचे त्याच्या सॅंडविचमध्ये काय घालायचं यावर वाद घालत असायचे. एका प्रसंगात बायको गेल्याची बातमी घेऊन माणूस येतो आणि नवरा त्याला आधी विचारतो, पाय पुसून आत आलास ना? सगळा वर्ग हसला. बाईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, मग त्याने दुसरं काय विचारायला हवं होतं? 

त्यांचा एकच नियम होता. स्टेजवरच्या एकाही माणसाला आपण विनोद करतोय हे माहीत असता कामा नये. नटाने प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला की खेळ खलास. मला आमच्या मंडळाची नाटकं आठवली. तिथे नट पडदा उघडल्यापासून डोळाच मारत असतात, हशा आला की थांबतात आणि पुन्हा मारतात. चार-पाच वर्षं मी ते सहन करत आले होते.

बाईंच्या ओळखीतल्या एका ग्रुपने गावातल्या छोट्या थिएटरात असंच एक नाटक केलं. लेखक फारसा गाजलेला नव्हता. गोष्ट एवढीच, की एक म्हातारा गेलाय आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. सुताराने माप घेताना त्याचे बूट काढले नाहीत, त्यामुळे शवपेटी लांब झालीय आणि काही केल्या दारातून आत येत नाही. मुलं भांडतात की दाराची चौकट कापायची, पेटी कापायची, की म्हाताऱ्याला उभं करून बाहेर न्यायचं. मधेच शेजारची बाई येते. ती असा काही गळा काढते की काळीज हलावं. कुणीतरी तिच्या हातात कप देतं. ती रडता रडता एक घोट घेते, थांबते, आणि प्रेताच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारते, "साखर घातली का यात?" आणि पुन्हा रडायला लागते.

मी बाबांना घेऊन गेले होते. तो आयरिश उच्चार मलाच निम्मा कळत नव्हता, त्यांना काय कळणार असं मला वाटलं होतं. पण साखरेच्या वाक्याला ते इतके हसले की पुढच्या रांगेतल्या आजींनी मागे वळून त्यांना पाणी दिलं. परत येताना गाडीत ते एकदम त्यांच्या काकांच्या अंत्ययात्रेवर घसरले. पावसाळ्याचे दिवस, घाटावर लाकडं ओली निघाली, आणि ती पेटेपर्यंत सगळे पुरुष तर्री-पोहे कुठल्या ठेल्यावरचे चांगले यावर हमरीतुमरीवर आले होते. काका असते तर त्यांनी चटकन निकाल दिला असता, आणि काका तर तिथेच होते. "हे आपलंच नाटक आहे," बाबा म्हणाले. "मराठीत कर तू."

मी परवानगी मिळवली आणि भाषांतराला बसले. गाव, नावं, पाऊस, सगळं आयरिशच ठेवलं. बाबा रोज दुपारी वाचून घ्यायचे आणि जिथे मी वाक्य सजवलेलं असेल तिथे तोंड वाकडं करायचे. काम संपत आलं तेव्हा त्यांनी मागणी टाकली. "मला पाठांतर होत नाही आता," ते म्हणाले, "पण प्रेताला कुठं पाठांतर लागते? हे काम माझंच." मी हसण्यावारी नेलं. मग त्यांचा चेहरा बघितला आणि कळलं की हा माणूस विनोद करत नाहीये. त्यांना पुन्हा एकदा स्टेजवर जायचं होतं. त्यांच्या छातीला झेपेल, स्मरणशक्तीला झेपेल अशी जगात एकच भूमिका होती आणि ती माझ्या नाटकात होती.

तालीम आमच्या डायनिंग टेबलावर सुरू झाली. बाबा टॉवेलची उशी करून झोपत. श्वास छातीने घ्यायचा नाही, पाठीत घ्यायचा, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. माझं काम पापण्यांवर लक्ष ठेवायचं. "हलली का?" ते डोळे मिटूनच विचारत. माझा नवरा एकदा मार्कहॅमच्या ऑफिसातून दमून घरी आला, टेबलावर सासरे बघितले आणि हातातली ग्रोसरी तिथेच टाकून धावला. बाबांनी एक डोळा उघडून त्याला विचारलं, अंडी फुटली का. मुलगी म्हणाली, "आजोबा, दॅट्स सो क्रीपी," आणि तिने मैत्रिणींना दाखवायला फोटो काढला. खरं सांगायचं तर आई गेल्यापासून आमच्या घरात एवढं हसणं झालं नव्हतं.

अडचण एकच होती. मी सगळ्यांची वाक्यं वाचायची आणि ते पडून राहायचे. पेटीच्या भांडणात ते दगडासारखे स्थिर असत. रडण्यातही स्थिर. पण "साखर घातली का यात?" आलं की त्यांचा वरचा ओठ थरथरायचा, मग पोट हलायचं, मग ते उठून बसायचे आणि डोळे पुसायचे. एकदाही जमलं नाही. "हे वाक्य मला उठवते," ते म्हणायचे. "प्रयोगापर्यंत जमवतो."

हे सगळं पोटात घेऊन मी त्या मीटिंगला गेले होते. चहा झाल्यावर आक्षेप प्रेताकडे वळले. खऱ्याखुऱ्या आजारी, वयस्कर माणसाला प्रेत म्हणून झोपवायचं हा अपशकुन आहे, असं सेक्रेटरीबाई म्हणाल्या. त्यात काही झालं तर हॉलचा इन्शुरन्स कव्हर करणार नाही, अशी खजिनदारांनी भर घातली. मग तोडगे निघाले. प्रेत आतल्या खोलीत आहे असं समजायचं. चहाऐवजी पाणी द्यायचं. साखरेचं वाक्य काढायचं, कारण, अध्यक्षांच्या शब्दांत, ते थोडं बॅड टेस्टमध्ये जातं. आणि बाबांचा मान म्हणून दीपप्रज्वलन त्यांच्या हस्ते.

मी म्हटलं, आपण सगळे फ्यूनरलला जातो तेव्हा पार्किंगमध्ये उभं राहून काय बोलतो? घरांचे भाव, कुणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली, येताना हायवेला किती ट्रॅफिक लागला. मग ते बॅड टेस्ट नाही? अध्यक्ष म्हणाले, "ॲक्च्युअली तुमचं बरोबर आहे. आपण ते करतो. पण ते स्टेजवर दाखवत नाही." इतकं प्रामाणिक उत्तर मिळाल्यावर माणसाने भांडायचं तरी कसं? त्यांना नाटकातलं काही कळलं नव्हतं असं नाही. सगळं कळलं होतं, म्हणूनच नको होतं. कळत नसेल त्याला समजावता येतं. कळून नको म्हणणाऱ्यापुढे मी हात टेकले आणि नाटक मागे घेतलं. त्या स्लॉटमध्ये जुन्या गाण्यांचा कराओके झाला. मार्कहॅमच्या एका ग्रुपलाही विचारून बघितलं. त्यांना कॉमेडी हवीच होती, पण लाइट. म्हणजे ज्यात कुणी मरत नाही अशी.

घरी येऊन मी बाबांसमोर कमिटीच्या नावाने बोटं मोडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दिव्याचं सांगितल्यावर म्हणाले, "दिवा लावायला मीच कशाला पाहिजे? ते काम जिवंत माणूस पण करू शकते." मला वाटलं होतं ते चिडतील, निदान माझ्यावर तरी चिडतील की दोन गोष्टी सोडून दिल्या असत्यास तर काय बिघडलं असतं. ते चिडले नाहीत आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. भाषांतराची फाईल त्यांनी उशाशी ठेवली, एवढंच. पुढे एका दुपारी मी कामावरून लवकर आले तर ते सोफ्यावर उताणे होते, हात छातीवर. मी तशीच पुढे धावले. तेवढ्यात आवाज आला, "हलली का?" मी म्हटलं, नाही. "मग वाक्य म्हण." मी म्हटलं. ओठ थरथरला, पोट हललं, ते हसत उठून बसले आणि मी आत जाऊन सिंकचा नळ सोडून रडले. कुठलाही प्रयोग लागलेला नव्हता आणि हा माणूस तालीम करत होता.

बर्फ पडायच्या आत गाडीला विंटर टायर्स लागले, तेव्हा बाबा होते. ते गेले फेब्रुवारीत, हॉस्पिटलमध्ये, दुपारी, मी त्यांच्या पायात मोजे चढवत असताना. बाहेर बर्फाचं वादळ होतं आणि पुढे फॅमिली डेच्या सोमवारच्या सुट्टीचा लाँग वीकेंड. फ्यूनरल होमच्या माणसाने फार अदबीने सांगितलं की वीकेंड संपल्याशिवाय क्रिमेटोरियमचा स्लॉट मिळणार नाही. तोवर बाबा त्यांच्याकडे राहणार होते. गेलेल्या माणसालाही इथे अपॉइंटमेंटची वाट बघावी लागते, हे बाबांना सांगायला हवं असं मनात आलं आणि मग आठवलं की कुणाला सांगणार.

घरी सगळ्यांत आधी कोण आलं तर अध्यक्ष. ओकव्हिलहून त्या बर्फात गाडी घालून आले, बूट न काढता गराजमधलं फावडं घेतलं आणि आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून दिला. माणूस वाईट नाही, हीच तर माझी अडचण होती. पाठोपाठ मंडळी यायला लागली. प्रेत उचलेपर्यंत घरात चूल पेटत नाही, म्हणून प्रत्येक घरून पिठलं-भात आला. फ्रीज भरला. मग ॲल्युमिनियमचे ट्रे गराजमध्ये उन्हाळी टायर्सच्या ढिगावर रचून ठेवले, कारण तिथे फ्रीजपेक्षा थंड होतं. आम्ही पिठलं-भात खात होतो, पाहुण्यांना पिठलं-भात वाढत होतो, आणि लाँग वीकेंड काही केल्या संपत नव्हता.

मग चहाचा प्रश्न आला. थंडीतून आलेल्या माणसांना काहीतरी गरम हवं होतं. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या देखत, चर्चासत्र भरलं. सेक्रेटरीबाईंचं म्हणणं, आपली शेगडी काचेची आहे, ज्वाळा नाही, मग ती चूल कशी? कुणी म्हणालं, पण आतून लाल होते ना. कुणी म्हणालं की मुळात प्रेत घरात नाहीच, ते फ्यूनरल होममध्ये आहे, तर नियम त्यांच्या शेगडीला लागू व्हायला हवा. माझ्या नवऱ्याने नागपूरला आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली की इतके दिवस प्रेत ठेवतात असं कुठे ऐकलं नाही, त्यामुळे शास्त्रात त्याचं काही असणार नाही. शेवटी निकाल अध्यक्षांनी दिला. मायक्रोवेव्ह चालेल. इलेक्ट्रिक किटलीही चालेल. आणि मग माझ्या ओट्यावर ती किटली दिवसभर खदखदत राहिली, खाली उतरलीच नाही, आणि सगळे तिच्याभोवती उभं राहून चहा पीत बाबांच्या गोष्टी सांगत होते.

मला किंचाळावंसं वाटत होतं. हेच. अगदी हेच. हेच मी तुम्हाला वाचायला दिलं होतं. पण ज्याच्या घरी माणूस गेलंय त्याने वाद घालायचा नसतो, आणि तसंही कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. मी पिठलं-भाताचे ट्रे मोजल्यासारखे इकडून तिकडे हलवत राहिले.

मंगळवारी फ्यूनरल होममध्ये सगळं मंडळ आलं होतं. खुर्च्या रांगेने मांडलेल्या, मधून वाट सोडलेली. समोर किंचित उंचवटा, त्यावर बाबा, वरून दोन मंद दिवे सोडलेले. त्यांना पांढरा झब्बा घातला होता आणि त्या लोकांनी चेहऱ्याला हलकासा रंग लावला होता, तोही बरा लावला होता. हॉल भरला. मागे उभं राहायलासुद्धा जागा नव्हती. कराओकेला एवढी माणसं आली नव्हती हे मला ठाऊक आहे. अध्यक्ष पहिल्या रांगेत होते.

गुरुजी ४०१ हायवेवर बर्फात अडकले होते. वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. हॉलच्या कडेला, सगळ्यांसाठी ठेवतात तसा, चहाचा मोठा थर्मास आणि बिस्किटं ठेवलेली होती. आधी कुणी तिकडे बघेना. मग बऱ्याच वेळाने तिथल्या कर्मचारी बाईंनी स्वतःच कप भरले आणि ट्रे घेऊन रांगांतून फिरल्या. थंडीने गारठलेले हात आपोआप पुढे झाले.

अध्यक्ष कप घेऊन उठले आणि बाबांपाशी येऊन उभे राहिले. मी बाबांच्या दुसऱ्या बाजूला होते.  अध्यक्षांचे डोळे खरोखर भरून आले होते. म्हणाले, फार मोठा रसिक माणूस गेला, दीपप्रज्वलनाला यायला हवे होते. बोलता बोलता त्यांना हुंदका आला. त्यांनी कपातला एक घोट घेतला, थांबले. त्यांना डायबेटिस आहे, ते मंडळात सगळ्यांनाच माहीत आहे. बाबांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "साखर घातली का यात?"

त्यांना काहीही आठवलेलं नव्हतं. चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता. आमच्या आयरिश बाईंनी त्यांना पूर्ण मार्क दिले असते.

मी खाली बाबांकडे बघितलं. वरचा ओठ, पोट, पापण्या, सगळं नीट, तालमीत बघायचे त्या क्रमाने बघितलं. काही हललं नाही. त्यांना ते जमलं होतं, आणि एवढ्या भरलेल्या हॉलमध्ये ते कळणारी मी एकटीच होते.